आपली पंचवीस वर्षे, आकाशाची पंचवीस वर्षे

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी कार्यक्रमांत २६ जानेवारी २०२६ रोजी संध्याकाळी गच्चीवर झालेल्या व्याख्यानाचा मजकूर. वक्ते आपल्याच सी विंगमधील रहिवासी व भौतिकशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक आहेत. बोलण्याची ढब शक्यतो तशीच ठेवली आहे. – संपादक मंडळ)



सकाळी झेंडावंदन झालं, दुपारी स्पर्धा झाल्या, आणि आता जेवणाआधी माझं भाषण ठेवलंय. पावभाजीचा वास इथपर्यंत येतोय, त्यामुळे मी वेळेचं भान ठेवणार आहे.

सांस्कृतिक समितीनं मला विषय दिला, 'खगोलशास्त्रातले नवे शोध'. विषय अफाट आहे, म्हणून मी त्याला आपल्या सोसायटीचंच कुंपण घालून घेतलं. आपली सोसायटी नोंदली गेली २००१ साली. तेव्हापासून आजपर्यंत आकाशाबद्दल आपल्याला नवीन काय कळलं, एवढंच मी सांगणार. आणि तेही या गच्चीवरून आत्ता जे दिसतंय त्याच्या आधारानं. म्हणजे मी बोट दाखवीन, तुम्ही वर बघा. शेवटी सोसायटीकडे माझं एक मागणं आहे, ते मात्र ऐकल्याशिवाय कुणी खाली जायचं नाही.

चंद्र

काल रथसप्तमी झाली. आज माघ शुद्ध अष्टमी, म्हणून डोक्यावर अर्धा चंद्र आहे. २००१ साली शाळेच्या पुस्तकात काय होतं, आठवा. चंद्रावर हवा नाही, पाणी नाही. अपोलोच्या अंतराळवीरांनी आणलेले दगड तपासून शास्त्रज्ञही बहुतेक तेच म्हणत होते.

२२ ऑक्टोबर २००८ ला श्रीहरिकोट्याहून चांद्रयान-१ गेलं. त्यावर आपली उपकरणं होती, तशीच परदेशांचीही होती. त्यांतल्या नासाच्या एका उपकरणाला चंद्राच्या मातीवरून परतणाऱ्या प्रकाशात पाण्याची खूण सापडली. सप्टेंबर २००९ मध्ये ते जाहीर झालं. म्हणजे तळी-विहिरी नव्हेत, मातीच्या कणांना चिकटलेले रेणू. पण 'नाही' याचं 'आहे' झालं, आणि ते भारताच्या यानावरून झालं.

पुढे २३ ऑगस्ट २०२३. त्या संध्याकाळी क्लब हाउसमध्ये पडदा लावून आपण सगळ्यांनी चांद्रयान-३ उतरताना पाहिलं. टाळ्या वाजवून आपण घरी गेलो, पण विक्रमचं काम त्यानंतर सुरू झालं. त्यानं मातीत एक तापमापक खुपसला. पृष्ठभागावर तापमान पन्नास अंशांच्या वर, आणि आठ सेंटीमीटर खाली, म्हणजे फक्त चार बोटं खोल, शून्याखाली दहाच्या आसपास! चंद्राची माती उष्णता इतकी अडवून धरते. आपल्या गच्चीवरचं वॉटरप्रूफिंग असं असतं तर वरच्या मजल्यावरच्यांची काही तक्रारच उरली नसती.

प्रश्न कुठला राहिलाय? ध्रुवांजवळच्या काही विवरांत कोट्यवधी वर्षं ऊन पोचलेलं नाही. तिथे बर्फ आहे याच्या खुणा आहेत. पण किती आहे, ढेकळांसारखा आहे की मातीत मिसळलेला, हे माहीत नाही. उद्या माणसं चंद्रावर राहायला गेली तर पाणी तिथलंच वापरायचं की इथून टँकर न्यायचा, हे त्या उत्तरावर ठरणार. टँकरचं महत्त्व मी आपल्या सोसायटीला वेगळं सांगायला नको.

शनी आणि गुरू

आता पश्चिमेला बघा. त्या दोन टॉवरच्या मधे जो शांत, न लुकलुकणारा ठिपका आहे तो शनी. बाजूला लावलेल्या दुर्बिणीतून तो बघाल तेव्हा थोडी निराशा होईल, कारण कडी अगदी बारीक रेघेसारखी दिसतात. मार्च २०२५ मध्ये पृथ्वी त्या कड्यांच्या पातळीतून गेली. अजूनही आपण ती जवळजवळ कडेनंच बघतोय. कड्यांचा विस्तार सुमारे पावणेतीन लाख किलोमीटर आणि जाडी बहुतेक ठिकाणी साधारण दहा मीटर. आपल्या इमारतीचे तीन मजले धरा. त्यामुळे कडेनं बघितलं की ती नाहीशीच होतात.

२००१ साली शनीचे तीस चंद्र माहीत होते. आज २७४ आहेत. त्यांतले १२८ तर एकट्या मार्च २०२५ मध्ये एकदम मान्य झाले. संख्या मोठी आहे, पण माझ्या दृष्टीनं महत्त्वाचा चंद्र एकच, एन्सेलाडस. व्यास सुमारे पाचशे किलोमीटर, म्हणजे पुणे-नागपूर अंतराहूनही लहान. एवढासा गोळा, तोही सूर्यापासून इतका लांब. तो आतपर्यंत गोठलेला असणार, असंच कुणालाही वाटेल. पण २००५ मध्ये कॅसिनी यानाला त्याच्या दक्षिण ध्रुवावरून अवकाशात उडणारी पाण्याची कारंजी दिसली. बर्फाच्या कवचाखाली खारट पाण्याचा समुद्र आहे. त्या फवाऱ्यांत कार्बनी रेणू सापडले, हायड्रोजन सापडला, आणि २०२३ मध्ये जाहीर झालं की फॉस्फरसही आहे. फॉस्फरस आपल्या हाडांत आहे, डीएनएमध्ये आहे. जीवसृष्टीला जे सामान लागतं त्यातलं बरंचसं तिथे एकत्र आहे. स्वयंपाक झालाय की नाही, ते माहीत नाही.

पूर्वेला मिथुन राशीत सगळ्यांत तेजस्वी दिसतोय तो गुरू. याच महिन्यात, १० तारखेला, तो सूर्याच्या बरोबर समोर होता, म्हणून इतका ठळक. साध्या द्विनेत्रीतूनही, हात न हलवता धरली तर, त्याचे चार मोठे चंद्र दिसतात. त्यांतल्या युरोपाच्या बर्फाखालीही समुद्र आहे असं मानतात. ते तपासायला दोन यानं आत्ता वाटेत आहेत. युरोपीय संस्थेचं 'ज्यूस' एप्रिल २०२३ मध्ये निघालं आणि नासाचं 'युरोपा क्लिपर' ऑक्टोबर २०२४ मध्ये. क्लिपर २०३० मध्ये पोचेल, ज्यूस २०३१ मध्ये. आज पाचवीत असलेली मुलं तेव्हा दहावीत असतील.

दुसऱ्या सूर्यांचे ग्रह

सूर्यासारख्या ताऱ्याभोवती ग्रह फिरतोय, हे पहिल्यांदा १९९५ मध्ये कळलं. ते शोधणाऱ्या मिशेल मेयर आणि दिदिए क्वेलोझ यांना २०१९ चं नोबेल मिळालं. आपल्या इमारतीचं काम चालू होतं तेव्हा असे ग्रह काही डझनच माहीत होते. सप्टेंबर २०२५ मध्ये हा आकडा सहा हजारांच्या पुढे गेला.

हे ग्रह थेट दिसत नाहीत बरं का, म्हणजे फारच थोडे दिसतात. बहुतेक सापडतात ते सावलीवरून. दिव्यासमोरून चिलट गेलं तर उजेड किंचित कमी होतो, तसा ग्रह ताऱ्यासमोरून गेला की ताऱ्याचा प्रकाश किंचित घटतो. ते मोजायचं. केप्लर दुर्बिणीनं २००९ पासून हेच केलं.

इथे एक बातमी घेऊ, कारण ती तुमच्यापैकी अनेकांनी मला पाठवली होती. एप्रिल २०२५ मध्ये छापून आलं की के२-१८बी नावाच्या ग्रहावर जीवसृष्टीची खूण सापडली. हा ग्रह सिंह राशीच्या दिशेला आहे, १२४ प्रकाशवर्षांवर. केंब्रिजचे निक्कू मधुसूदन, जे भारतात शिकून तिकडे गेले, त्यांच्या गटाचं हे काम. जेम्स वेब दुर्बिणीतून त्यांना त्या ग्रहाच्या वातावरणात एका वायूची खूण दिसली. पृथ्वीवर तो वायू मुख्यतः समुद्रातल्या सूक्ष्म जिवांपासून येतो.

मग जीव सापडला का? नाही. त्यांनी स्वतःच सांगितलं होतं की पुरावा अजून पक्का नाही. योगायोगानं तसं दिसण्याची शक्यता त्यांच्या हिशेबानं हजारात तीन होती. ऐकायला हे भक्कम वाटतं, पण असा दावा मान्य व्हायला शास्त्रज्ञ लाखो पटींत खात्री मागतात. नंतर इतर गटांनी तीच आकडेवारी वेगळ्या रीतीनं तपासली आणि म्हटलं, आम्हाला खूण दिसत नाही. वाद चालू आहे. तो मिटेल तो आणखी निरीक्षणांनी. तोपर्यंत 'सापडलं' आणि 'सापडलं असेल' यांतला फरक आपण लक्षात ठेवायचा.

मृगातला तांबडा तारा

आता सगळ्यांनी आग्नेयेकडे वळा. एका रेषेत तीन तारे, ते मृगाच्या पोटातले बाण. भोवतीचे चार तारे म्हणजे मृगाचे पाय. त्यांतला वरच्या बाजूचा तांबूस तारा म्हणजे बीटलज्यूस. आपल्याकडे त्यालाच आर्द्रा म्हणतात, काही पुस्तकांत काक्षी असंही सापडेल. हा तारा सूर्याच्या जागी ठेवला तर बुध, शुक्र, पृथ्वी, मंगळ सगळे त्याच्या पोटात जातील, एवढा तो फुगलेला आहे.

२०१९ च्या अखेरीस तो मंदावायला लागला. २०२० च्या फेब्रुवारीत नुसत्या डोळ्यांनाही फरक कळत होता. जगभर एकच चर्चा, हा आता फुटणार का? फुटला तर काही आठवडे दिवसासुद्धा दिसेल. पण तो फुटला नाही. ताऱ्यानं स्वतःच वायूचा मोठा लोट बाहेर टाकला, त्याची धूळ झाली आणि ती आपल्या नजरेच्या आड आली, असा उलगडा पुढे झाला. आणि २०२५ मध्ये हवाई बेटावरच्या जेमिनी दुर्बिणीतून त्याच्या अगदी लगत एक छोटा जोडीदार तारा असावा, असं चित्र मिळालं.

फुटणार हे नक्की. कधी, ते सांगता येत नाही. उद्याही फुटेल, लाख वर्षांनीही फुटेल. शिवाय त्याचं अंतरसुद्धा अजून नेमकं कळलेलं नाही. साधारण पाचशे ते सातशे प्रकाशवर्षं. सहाशे धरलं तर आत्ता तुमच्या डोळ्यांत शिरणारा त्याचा प्रकाश शिवछत्रपतींच्या जन्माच्या दोनशे वर्षं आधी निघालाय, दख्खनवर बहामनी सुलतानांचं राज्य होतं तेव्हा. मधल्या काळात तो फुटलाही असेल. आपल्याकडे अजून निरोप आलेला नाही, एवढंच.

सोन्याची गोष्ट

आता आकाशात बघू नका, शेजारी बघा. कुणाच्या गळ्यात मंगळसूत्र असेल, कुणाच्या बोटात अंगठी. हे सोनं आलं कुठून? 'लक्ष्मी रोडवरून' हे उत्तर चालणार नाही.

ताऱ्यांच्या पोटात हायड्रोजनपासून लोखंडापर्यंतची मूलद्रव्यं तयार होतात. पुढची जड द्रव्यं तशी होत नाहीत. सोनं कुठे तयार होतं, हे २००१ मध्ये खात्रीनं सांगता येत नव्हतं.

१४ सप्टेंबर २०१५ ला अमेरिकेतल्या लायगो यंत्रांनी पहिल्यांदा गुरुत्वीय लहर टिपली. दोन कृष्णविवरं एकमेकांवर आदळली होती, सुमारे १३० कोटी प्रकाशवर्षं दूर. त्या टकरीनं अवकाश थरथरलं आणि ती थरथर इथवर आली. यंत्राची एक भुजा चार किलोमीटरची. तिच्या लांबीत पडलेला फरक प्रोटॉनच्या व्यासाच्या हजाराव्या भागाहून लहान. आईनस्टाईन यांनी हे शंभर वर्षं आधी कागदावर लिहून ठेवलं होतं. इतक्या गोंगाटातून ती खूण ओळखायची गणिती रीत बसवण्यात पुण्याच्या 'आयुका'तले संजीव धुरंधर आणि त्यांचे सहकारी सुरुवातीपासून होते.

मग आला १७ ऑगस्ट २०१७. या वेळी आदळले दोन न्यूट्रॉन तारे. लहर आली आणि पावणेदोन सेकंदांत गॅमा किरणांचा झोत आला. जगभरच्या दुर्बिणी त्या दिशेला वळल्या. १३ कोटी प्रकाशवर्षांवरच्या एका दीर्घिकेत नवा ठिपका दिसला आणि काही दिवसांत विझत गेला. त्याच्या प्रकाशात जड मूलद्रव्यं ताजी तयार होत असल्याच्या खुणा होत्या. त्या एका टकरीत अनेक पृथ्वींच्या वजनाइतकं सोनं तयार झालं असावं, असा अंदाज आहे. म्हणजे आपल्या अंगावरच्या सोन्यातलं काही तरी सूर्य जन्मायच्या आधी अशाच टकरीत घडलेलं असणार. सगळं सोनं असंच होतं की आणखीही कारखाने आहेत, यावर अजून एकमत नाही.

पुढची गोष्ट आपल्या राज्यातली. लायगोचं एक यंत्र हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ होणार आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्र सरकारनं त्यासाठी सुमारे २६०० कोटी रुपये मंजूर केले. ज्योतिर्लिंगाला जाणाऱ्यांनी पुढच्या वेळी ध्यानात ठेवा. लहर कुठून आली हे नेमकं सांगायला पृथ्वीवर लांब लांब अंतरावर यंत्रं लागतात. आपले दोन कान लांब असतात म्हणूनच ना आपल्याला आवाजाची दिशा कळते!

आणि नाशिक रस्त्यानं जाताना नारायणगावपाशी आत वळलात की खोडदला जीएमआरटी आहे. पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस डिश, गोविंद स्वरूप यांनी उभ्या केलेल्या. जून २०२३ मध्ये भारतीय आणि युरोपीय गटांनी मिळून आणखी एका प्रकारच्या, फार सावकाश हलणाऱ्या गुरुत्वीय लहरींचे पुरावे मांडले. भारताची निरीक्षणं याच खोडदच्या डिशनी केलेली होती. एक लहर पुरी व्हायला कित्येक वर्षं लागतात, इतकी ती संथ.

पंचाण्णव टक्के हिशेब लागत नाही

आपले खजिनदार समोर बसलेत, म्हणून हे जरा दबकतच सांगतो. विश्वाचा ताळेबंद मांडला तर तारे, ग्रह, धूळ, वायू, तुम्ही, मी, सगळं मिळून पाच टक्के. सुमारे सत्तावीस टक्के कृष्णद्रव्य. ते दिसत नाही, पण त्याची ओढ जाणवते. आणि उरलेले अडुसष्ट टक्के कृष्णऊर्जा. 'कृष्ण' म्हणजे इथे काय, तर आम्हाला माहीत नाही. वार्षिक सभेत असा हिशेब मांडला असता तर तो मंजूर झाला नसता!

विश्व फुगतंय आणि फुगण्याचा वेग वाढतोय, हे १९९८ मध्ये कळलं, त्याला २०११ चं नोबेल मिळालं. पंचवीस वर्षं आपण धरून चाललो की ही ढकलणारी ऊर्जा कायम तेवढीच राहते. मार्च २०२५ मध्ये 'डेसी' नावाच्या प्रकल्पानं जवळजवळ दीड कोटी दीर्घिका आणि क्वेसार मोजून सांगितलं की ती हळूहळू कमी होत असावी. 'असावी' हा शब्द लक्षात घ्या, अजून पक्कं नाही. खरं ठरलं तर विश्वाच्या शेवटाची गोष्ट नव्यानं लिहावी लागेल. शिवाय आज विश्व किती वेगानं फुगतंय, तेही एका पद्धतीनं मोजलं तर ६७ येतं आणि दुसऱ्या पद्धतीनं ७३. दोन्हीकडचे लोक काळजीनं मोजतात आणि आकडे जुळत नाहीत.

जेम्स वेब दुर्बीण २५ डिसेंबर २०२१ ला उडाली. विश्वाचं वय सुमारे १३८० कोटी वर्षं. त्यातली पहिली तीस कोटीही व्हायच्या आतल्या दीर्घिका तिला दिसल्या, आणि त्या अपेक्षेपेक्षा जास्त तेजस्वी, जास्त वाढलेल्या. बालवाडीत गेल्यावर मिशा फुटलेली मुलं बसलेली दिसावीत, तसं झालं. गेल्या नोव्हेंबरात पुण्याच्याच एनसीआरए संस्थेतल्या राशी जैन आणि योगेश वाडदेकर यांनी याच दुर्बिणीच्या चित्रांत एक सुरेख सर्पिल दीर्घिका शोधल्याचं जाहीर केलं. विश्व दीडशे कोटी वर्षांचं असतानाची ती आहे. इतक्या लवकर असे नीट वळलेले फाटे तयार होतील, असं वाटत नव्हतं. त्यांनी तिला नाव दिलं अलकनंदा.

इथे जयंत नारळीकर सरांची आठवण काढायलाच हवी. गेल्या वर्षी २० मे रोजी ते गेले. महास्फोटाचा सिद्धांत जगानं स्वीकारला तरी सर शेवटपर्यंत त्यावर प्रश्न विचारत राहिले. बहुसंख्य शास्त्रज्ञ त्यांच्याशी सहमत नव्हते, मीही वर्गात महास्फोटच शिकवला. पण सगळे एका बाजूला असतानाही शंका नीट, गणितासकट मांडायची असते, हे मराठी मुलांना त्यांच्याकडून शिकता आलं. आणि आयुकासारखी संस्था तर त्यांनी उभी केलीच.

व्हॉट्सअ‍ॅपवरचा पाहुणा

आपल्या ग्रुपवर गेले सहा महिने एक पाहुणा फिरतोय, थ्रीआय-अ‍ॅटलास. 'परग्रहवासीयांचं यान पृथ्वीकडे येतंय' असा संदेश मला तीन विंगांतून आला. खरी गोष्ट अशी. १ जुलै २०२५ ला चिलीतल्या एका दुर्बिणीला हा धूमकेतू सापडला. त्याचा वेग आणि मार्ग असा की तो सूर्याच्या बांधलेल्या कुटुंबातला नाही, दुसऱ्या कुठल्या तरी ताऱ्याकडून आलाय. असा पाहुणा ओळखता आला तो आजवर तिसराच. पहिला २०१७ मध्ये, दुसरा २०१९ मध्ये. हा १९ डिसेंबरला पृथ्वीच्या सगळ्यांत जवळ होता, तेव्हा अंतर सुमारे २७ कोटी किलोमीटर, सूर्य आपल्यापासून आहे त्याच्या जवळजवळ दुप्पट. त्याच्यातून पाण्याची वाफ आणि कार्बन डायऑक्साइड निघत होता, धूमकेतूंतून निघतो तसाच. आता तो परत चाललाय, पुन्हा यायचा नाही.

यान म्हटल्यानं ही गोष्ट मोठी होत नाही, उलट लहान होते. दुसऱ्या सूर्याच्या अंगणातला, बहुधा आपल्या सूर्याहूनही जुना असा बर्फाचा तुकडा आपल्या दारावरून गेला, हेच केवढं आहे! पुढच्या वेळी फॉरवर्ड करण्याआधी दोन मिनिटं थांबा, एवढीच विनंती.

असे पाहुणे यापुढे जास्त सापडतील. चिलीतच व्हेरा रुबिन वेधशाळेनं गेल्या जूनमध्ये पहिली चित्रं दिली. सुमारे दहा तासांच्या निरीक्षणात तिला दोन हजारांवर नवे लघुग्रह सापडले. दहा वर्षं ती दर काही रात्रींनी दक्षिणेचं सगळं आकाश टिपत राहणार आहे.

आता माझं मागणं

या पंचवीस वर्षांत आकाश आपल्याला इतकं उलगडलं आणि याच पंचवीस वर्षांत ते या गच्चीवरून हरवत गेलं. जे पहिल्यापासून इथे राहतात त्यांना आठवत असेल, आपण आलो तेव्हा पलीकडे ज्वारीची शेतं होती. कृत्तिकेचे सहा तारे नुसत्या डोळ्यांनी मोजता यायचे, चंद्र नसला की आकाशगंगेचा पट्टाही पुसटसा दिसायचा. आता कृत्तिकेचे तीन-चार दिसले तरी नशीब. उद्या रात्री चंद्र तिच्याजवळ असेल तेव्हा तेही दिसायचे नाहीत.

ही नुसती म्हाताऱ्या माणसाची कुरकुर नाही. जगभरातल्या हजारो हौशी लोकांनी २०११ ते २०२२ या काळात केलेल्या नोंदींवरून २०२३ मध्ये एक अभ्यास 'सायन्स' या नियतकालिकात आला. आकाशाचा कृत्रिम उजेड दरवर्षी सरासरी जवळजवळ दहा टक्क्यांनी वाढतोय. याचा अर्थ, जिथे आज अडीचशे तारे दिसतात तिथे जन्मलेल्या बाळाला अठरावं लागेपर्यंत शंभरच दिसतील. बी विंगमध्ये याच महिन्यात एक बारसं झालं. मी त्या बाळाबद्दल बोलतोय.

सगळ्या शहराचे दिवे आपल्या हातात नाहीत. आपले आहेत. गच्चीच्या कठड्यावर चार फ्लडलाइट आहेत. नीट बघा, त्यांचं तोंड किती वर आहे! त्यांतला बराच उजेड कुणाच्याच उपयोगाचा नाही. तो आकाशात जातो, शिवाय समोरच्या इमारतीच्या बेडरूममध्ये जातो. त्याचं बिल आपण मेंटेनन्समधून भरतो. म्हणून येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेत मी चार गोष्टींचा ठराव मांडणार आहे.

एक, चारही दिव्यांची तोंडं खाली वळवावीत आणि वर टोपी बसवावी. दोन, पुढे बदलताना पांढऱ्याशुभ्रऐवजी पिवळसर एलईडी घ्यावेत. तीन, रात्री अकरानंतर टायमरनं अर्धे दिवे बंद व्हावेत. चार, दर अमावास्येला किंवा तिच्या जवळच्या शनिवारी दोन तास गच्चीचे सगळे दिवे बंद ठेवून गच्ची मुलांसाठी उघडावी, दोन मोठ्या माणसांच्या देखरेखीखाली.

सुरक्षिततेचं काय, असं सचिव विचारतीलच. त्यांचा प्रश्न रास्त आहे. दिवे जिन्यात, पार्किंगमध्ये, गेटवर असावेतच, त्यांना कुणी हात लावू नये. पण डोळ्यांवर येणाऱ्या झगझगीत दिव्यामागे सावलीत उभा असलेला माणूस वॉचमनला दिसत नाही. खाली पडणाऱ्या उजेडात तो दिसतो. पटत नसेल तर आज जेवण झाल्यावर एक दिवा वळवून आपण सगळे मिळून बघू. इलेक्ट्रिशियनला मी थांबायला सांगितलंय.

आपल्याच राज्यात पेंच व्याघ्र प्रकल्पाच्या भागाला २०२४ मध्ये भारतातलं पहिलं 'डार्क स्काय पार्क' म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. तिथल्या गावांतले रस्त्यावरचे दिवे बदलले, खाली वळवले. गावांना जमतं ते एका सोसायटीला जमायला हरकत नाही. आपल्या चार दिव्यांनी पुण्याचं आकाश काळं होणार नाही, हे मला कळतं. पण गच्चीवर उभ्या असलेल्या मुलाच्या डोळ्यांवर थेट येणारा उजेड थांबेल आणि मृगाच्या बाणांशेजारी दोन-चार तारे जास्त दिसतील. तेवढं मागतोय.

मी सांगितलेल्या प्रत्येक शोधाच्या शेवटी एक प्रश्न उरला, हे तुमच्या लक्षात आलं असेल. ते सोडवणारी माणसं आज कुठल्या तरी गच्चीवरच असणार. त्यांतलं एखादं आपल्या गच्चीवर असलं तर सुवर्णमहोत्सवाला वक्ता बाहेरून बोलवावा लागणार नाही.

आधी दुर्बिणीसमोर रांग, मग पावभाजी.

व्याख्यानानंतरच्या प्रश्नोत्तरांतून

प्रश्न (ए विंगमधील आजोबा): पंचांगातली नक्षत्रं आणि तुम्ही दाखवता ती एकच का?
उत्तर: हो आजोबा, एकच. मृग, आर्द्रा, कृत्तिका, रोहिणी ही आपल्याच पूर्वजांनी डोळ्यांनी बघून ठेवलेली नावं आहेत. नक्षत्र लागल्यावर पाऊस मोजणारा शेतकरीही हेच आकाश वापरतो. ग्रहांचा माझ्या नोकरीवर परिणाम होतो का, हा प्रश्न वेगळा. त्याला निरीक्षणात आधार मिळालेला नाही.

प्रश्न (सी विंगमधील गृहिणी): लघुग्रह आदळणार, असं मागच्या वर्षी येत होतं. त्याचं काय झालं?
उत्तर: २०२४ वायआर-फोर. २०३२ मध्ये तो आदळण्याची शक्यता फेब्रुवारी २०२५ मध्ये तीन टक्क्यांपर्यंत गेली होती. आणखी निरीक्षणं झाली, कक्षा नेमकी कळली आणि पृथ्वीचा धोका जवळजवळ शून्यावर आला. आणि ताई, वेळ आलीच तर थोडीफार तयारीही सुरू झालीय. सप्टेंबर २०२२ मध्ये नासानं एक यान मुद्दाम डायमॉर्फस नावाच्या छोट्या लघुग्रहावर आपटलं. एका मोठ्या लघुग्रहाभोवतीची त्याची फेरी त्यामुळे अर्ध्या तासाहून थोडी जास्त कमी झाली. म्हणजे वेळेत कळलं तर ढकलता येतं.

प्रश्न (इयत्ता सहावी): मला दुर्बीण घ्यायची आहे. कुठली घेऊ?
उत्तर: आत्ता कुठलीच नको. आधी नुसत्या डोळ्यांनी दहा नक्षत्रं ओळखायला शिक. मग एक १०x५० ची द्विनेत्री घे. तिच्यातून चंद्रावरची विवरं, गुरूचे चंद्र आणि कृत्तिकेचे कितीतरी तारे दिसतात. पुढची अमावास्या १७ फेब्रुवारीला आहे. वही आणि पेन्सिल घेऊन वर ये, आणि आईबाबांना विचारून ये.